खुर्चीचा लिलाव, खाटेची सोय



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना प्रश्न पडला असेल, की खेळाच्या तिकिटांचा लिलाव आणि रुग्णालय यांचा इतिहासाशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो बराच जुना आहे. आज आपण लंडन, न्यूयॉर्क, बॉस्टन असं फिरून शेवटी मुंबईत येणार आहोत. मुंबईत का, ते शेवटीच सांगतो.

आधी लिलावाची रीत समजून घेऊ. समजा, एखाद्या क्लबने किंवा एखाद्या तिकीटधारकाने आपलं अख्ख्या मोसमाचं तिकीट, म्हणजे सीझन तिकीट, एका रुग्णालयाच्या निधीला दिलं. त्यावर शंभर डॉलर किंमत छापलेली आहे. लिलावात बोली चढत चढत एकशे साठवर गेली. एक वार, दोन वार, तीन वार. आता या एकशे साठमधलं दान किती? सगळे पैसे निधीलाच मिळाले हे खरं. पण घेणाऱ्याला शंभराची खुर्ची मिळालीच की! त्याचं दान वरच्या साठाचं. उरलेल्या शंभराचं दान ज्याने तिकीट सोडलं त्याचं. अमेरिकेचा आयकर कायदाही असाच हिशोब करतो. वस्तूच्या बाजारभावापेक्षा जितकं जास्त दिलं, तितक्याचीच सूट मिळते. आणि अशा व्यवहारात पंचाहत्तर डॉलरच्या वर रक्कम गेली, तर संस्थेला तसं लेखी कळवावं लागतं.

म्हणजे या व्यवहारात तीन माणसं आहेत. तिकीट सोडणारा, बोली लावणारा, आणि ज्याचं नावही या दोघांना माहीत नसतं असा रुग्ण. पहिल्या दोघांविषयी पुष्कळ लिहिलेलं सापडतं. तिसऱ्याविषयी कमी. आपण तिन्ही डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

बरं, सीझन तिकिटाला एवढा भाव का येतो? कारण ते मिळत नाही! अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात ग्रीन बे नावाचं साधारण लाखभर वस्तीचं गाव आहे. तिथल्या ‘पॅकर्स’ या फुटबॉल संघाची मैदानावरची सगळी तिकिटं १९६० पासून सीझन तिकीट म्हणूनच संपतात. प्रतीक्षायादीत लाखाहून जास्त नावं आहेत. मूल जन्मलं की काही घरांत त्याचं नाव यादीत घालतात. आजोबांची खुर्ची नातवाकडे येते. आपल्याकडे चाळीतली खोली जशी वारसाने येते, तसंच म्हणा ना. असं तिकीट लिलावात आलं, की माणसं किंमत बघत नाहीत.

पण तिकिटाचा लिलाव खेळात जन्मला नाही. तो गाण्यात गाजला. १८५० साली जेनी लिंड ही स्वीडिश गायिका अमेरिकेत आली. तिला आणणारा होता पी. टी. बार्नम, म्हणजे जाहिरातीच्या धंद्यातला त्या काळचा सर्वांत मोठा माणूस. त्याने न्यूयॉर्कच्या पहिल्या कार्यक्रमाची तिकिटं लिलावाने विकली. लिलाव बघायला जायचे सुद्धा पैसे पडत होते, तरी माणसं लोटली. पहिलं तिकीट २२५ डॉलरला गेलं. घेणारा कोण, तर जेनिन नावाचा टोपीवाला. त्याचं दुकान बार्नमच्या संग्रहालयाच्या शेजारीच! दुसऱ्या दिवशी देशभर त्याचं नाव झालं आणि टोप्यांचा खप वाढला. पुढे बॉस्टनमध्ये पहिलं तिकीट ६२५ डॉलरला गेलं आणि प्रॉव्हिडन्समध्ये ६५० ला. हे साडेसहाशेवाले गृहस्थ तर कार्यक्रमाला गेलेसुद्धा नाहीत.

म्हणजे बघा, बोली लावणारा खुर्चीच विकत घेतो असं नाही. चारचौघांत आपलं नाव पुकारलं जावं, हेही तो विकत घेतो. लिलावाची ही खोड तेव्हापासूनची आहे.

आता जेनी लिंडची दुसरी बाजू. न्यूयॉर्कच्या त्या पहिल्या कार्यक्रमातला आपला वाटा तिने शहरातल्या धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. रुग्णालयांसाठी गाणं तिला नवीन नव्हतं. त्याआधी दोनच वर्षं, १८४८ मध्ये, तिने लंडनच्या ब्रॉम्प्टन रुग्णालयासाठी गाऊन दीड हजारांहून जास्त पौंड उभे केले होते. ब्रॉम्प्टन म्हणजे क्षयरोग्यांचं रुग्णालय. नॉरिच शहरात तिच्या कार्यक्रमांच्या पैशातून लहान मुलांचं रुग्णालय निघालं, ते १८५४ मध्ये सुरू झालं आणि त्याला तिचंच नाव दिलं. त्या काळी ब्रिटनमधली बरीचशी मोठी रुग्णालयं वर्गणीवर चालत. सरकार खर्च करत नसे. मग पैसा कुठून आणायचा? जिथे गर्दी जमते तिथून.

आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनमध्ये गर्दी कुठे जमू लागली? फुटबॉलच्या मैदानावर. ग्लासगोमध्ये १८७६-७७ च्या मोसमापासून ‘चॅरिटी कप’ खेळला जाऊ लागला. लंडनमध्ये १८९८ पासून ‘शेरीफ ऑफ लंडन’ ढालीसाठी एक हौशी संघ आणि एक व्यावसायिक संघ खेळायचा, आणि गेटवरचा पैसा रुग्णालयांना आणि इतर धर्मादाय संस्थांना जायचा. त्याच परंपरेतून १९०८ मध्ये ‘चॅरिटी शील्ड’ आली. आज तुम्ही इंग्लिश फुटबॉल बघत असाल तर ऑगस्टमध्ये ‘कम्युनिटी शील्ड’ नावाचा सामना असतो, तो हाच. नाव का बदललं? तर तिकिटाच्या पैशातला नेमका किती भाग धर्मादाय कामाला जातो, हे फुटबॉल संघटनेने नीट जाहीर केलं नव्हतं, असं तिथल्या चॅरिटी कमिशनला आढळलं. त्यानंतर २००२ मध्ये ‘चॅरिटी’ हा शब्द गेला. पुण्य करतानाही हिशोब द्यावा लागतो, तो असा.

आता १९४८ साल. आपल्या गोष्टीचा मध्य इथे आहे.

बॉस्टनच्या बाल रुग्णालयात सिडनी फार्बर नावाचे डॉक्टर होते. मूळ काम पॅथॉलॉजिस्टचं, म्हणजे तळघरातल्या प्रयोगशाळेत मृत मुलांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायच्या. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेली मुलं तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जायची. करण्यासारखं काही नव्हतं. फार्बर यांच्या लक्षात आलं होतं, की फॉलिक अ‍ॅसिड दिलं की या मुलांचा आजार उलट वाढतो. मग त्यांनी उलटा विचार केला. फॉलिक अ‍ॅसिडचा मार्ग अडवणारं औषध दिलं तर? असं औषध त्यांना लेडरली कंपनीच्या प्रयोगशाळेतून मिळालं. तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. औषधाचं नाव अ‍ॅमिनोप्टेरिन. जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. सोळा मुलांपैकी दहा मुलांचा आजार काही काळ मागे हटला होता. फक्त काही काळ. पण त्याआधी तेवढंही कधी घडलं नव्हतं.

पुढचं संशोधन करायला पैसा हवा. इथे ‘व्हरायटी क्लब’ ही चित्रपटगृहवाल्यांची धर्मादाय संस्था पुढे आली. ही माणसं करमणुकीच्या धंद्यातली. त्यांना एक गोष्ट नेमकी कळत होती, की रोगासाठी लोक पैसे देत नाहीत. मुलासाठी देतात. म्हणून एक मूल हवं होतं.

ते मूल म्हणजे एइनार गुस्ताफसन. मेन राज्यातल्या न्यू स्वीडन या बटाटे पिकवणाऱ्या गावातला बारा वर्षांचा मुलगा. त्याला ल्युकेमिया नव्हता, पोटात आतड्याचा कर्करोग होता. त्याचं खरं नाव लपवायचं म्हणून त्याला ‘जिमी’ केलं. २२ मे १९४८ च्या रात्री राल्फ एडवर्ड्स यांच्या लोकप्रिय रेडिओ कार्यक्रमात हॉलिवूडहून थेट बॉस्टनच्या त्या खाटेशी संपर्क जोडला. एडवर्ड्स विचारत गेले, तुझा आवडता खेळाडू कोण? मुलगा बॉस्टन ब्रेव्ह्ज या बेसबॉल संघातली नावं सांगत गेला, आणि ज्याचं नाव घेतलं तो खेळाडू खरोखर खोलीत येत गेला! हातात बॅटी, चेंडू, टी-शर्ट. शेवटी सगळ्यांनी मिळून बेसबॉलचं प्रसिद्ध गाणं म्हटलं, मुलगा बेसूर आणि खेळाडूही बेसूर. मग मुलाचा आवाज बंद करून एडवर्ड्स यांनी श्रोत्यांना सांगितलं, की याला कर्करोग आहे आणि ते याला माहीत नाही. वीस हजार डॉलर जमले तर याला ब्रेव्ह्जचे सामने बघायला दूरचित्रवाणी संच देऊ.

जमले दोन लाखांच्या वर. कार्यक्रम संपण्याच्या आतच रुग्णालयाच्या दारात माणसं पैसे घेऊन आली. ‘जिमी, बॉस्टन’ एवढ्याच पत्त्याने पाकिटं पोचली. त्यातून ‘जिमी फंड’ उभा राहिला.

इथे एक गोष्ट बघा. त्या रात्री खुर्चीचा लिलाव झाला नव्हता. मैदानावर जाऊ न शकणाऱ्या मुलाला त्याच्या खाटेवरून सामना दिसावा, एवढंच मागणं होतं. आणि पैसा आला तो मुख्यतः सुट्ट्या नाण्यांत. पुढे चित्रपटगृहांत मध्यंतराला डबे फिरू लागले, शाळकरी मुलांचे बेसबॉल संघ गणवेश घालून दारोदार डबे घेऊन हिंडू लागले. १९५२ मध्ये या पैशातून दवाखान्याची आणि संशोधनाची इमारत उभी राहिली.

आणि १९५३ च्या मार्चमध्ये घोटाळा झाला. ब्रेव्ह्ज संघ बॉस्टन सोडून मिलवॉकीला गेला! त्यांच्या मैदानावर प्रेक्षक उरले नव्हते. विचार करा, खेळाच्या लोकप्रियतेवर बांधलेला निधी, आणि खेळणारा संघच गावातून निघून गेला. निधी तिथेच संपायला हवा होता. संपला नाही, कारण डबे संघाचे नव्हते, गावाचे होते. शहरातल्या दुसऱ्या संघाने, रेड सॉक्सने, लगेच एप्रिलमध्ये हे काम अंगावर घेतलं. त्यांचे मालक टॉम यॉकी मैदानात जाहिराती लावू देत नसत. पण जिमी फंडचा एक फलक वर्षानुवर्षं तिथे राहिला. त्यांचा सर्वांत मोठा फलंदाज टेड विल्यम्स मुलांना भेटायला रुग्णालयात जायचा, पण पत्रकार बरोबर आलेले त्याला चालत नसत. १९५३ च्या ऑगस्टमध्ये तो कोरियाच्या युद्धावरून परतला तेव्हा त्याच्या स्वागताची मेजवानी ठेवली, ताटामागे शंभर डॉलर, आणि पैसा फंडाला. १९६७ मध्ये रेड सॉक्सच्या खेळाडूंनी विश्वमालिकेतल्या बक्षिसाचा एका खेळाडूइतका पूर्ण वाटा जिमी फंडाच्या नावे केला. म्हणजे फंड जणू त्यांच्या संघातलाच एक गडी.

आता याच १९४८ सालातली दुसरी तारीख लक्षात ठेवा. ५ जुलै. जिमीच्या त्या रेडिओ कार्यक्रमानंतर सहा आठवड्यांनी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. उपचार करदात्यांच्या पैशातून, दारात पैसे नाहीत. फुटबॉलच्या गेटवर रुग्णालयासाठी डबा फिरवायची गरज पुष्कळशी संपली. एकाच उन्हाळ्यात दोन देशांनी एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिली. आजारी मुलाचा खर्च कोणी करायचा? ब्रिटनने सांगितलं, सगळ्यांनी, करातून. अमेरिकेने सांगितलं, ज्याला वाटेल त्याने, मनातून.

दोन्ही उत्तरांना आपापल्या अडचणी आहेत, आणि मी इथे कोणाचा निकाल लावायला उभा नाही. फार्बर स्वतः पुढे सरकारकडेही गेले, वॉशिंग्टनमध्ये कर्करोग संशोधनाचा निधी वाढावा म्हणून वर्षानुवर्षं साक्षी देत राहिले. डब्यांवर सगळं भागणार नाही, हे डबे फिरवणाऱ्यालाच सर्वांत आधी कळलं.

मग लिलाव पुन्हा कधी महत्त्वाचा झाला? खुर्च्या दुर्मीळ झाल्या तेव्हा. रेड सॉक्सचं फेनवे पार्क हे १९१२ चं मैदान, जेमतेम सदतीस हजार आसनांचं. मे २००३ पासून एप्रिल २०१३ पर्यंत तिथला मोसमातला प्रत्येक सामना तिकिटं संपून झाला, सलग ७९४ सामने. डाव्या बाजूच्या त्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीवर २००३ मध्ये नव्या जागा केल्या, त्यासाठी झुंबड. अशा काळात एक चांगलं तिकीट हेच चलन होतं. डब्यात नाणं टाकणारा माणूस एकीकडे, आणि मैदानाजवळची जागा बोलीवर घेणारा दुसरीकडे. २००२ पासून दरवर्षी जिमी फंडासाठी रेडिओ-टीव्हीवरून मोठी निधी-मोहीम चालते. फोनवर साधी माणसं लहान रकमा सांगतात. आणि खेळाशी जोडलेल्या दुर्मीळ गोष्टींवर बोली लावणारेही असतात.

आता प्रश्न असा, की यात वाईट काय? खरं सांगायचं तर वाईट काहीच नाही. जागा कोणीतरी घेणारच होतं, वरचा पैसा दलालाच्या खिशात जाण्यापेक्षा रुग्णालयात गेलेला बरा. पण लिलावाचं गणित आपण सुरुवातीला पाहिलं. त्यात भाव ठरतो तो संघाच्या यशावर. संघ जिंकत असेल तर सीझन तिकिटाला चढाओढ. हरत असेल, किंवा ब्रेव्ह्जसारखा गावच सोडून गेला, तर तेच तिकीट रद्दीच्या भावात. आणि रुग्णाचा आजार काही संघाच्या गुणतक्त्यावर कमी-जास्त होत नाही. म्हणून ज्या निधीने लिलाव वरकमाईसारखा ठेवला आणि घर डब्यांवर चालवलं, तो टिकला. जिमी फंड सत्तर-पंचाहत्तर वर्षं टिकला, त्याचं मला तरी हेच कारण दिसतं.

आणि तो मुलगा? एइनार बरा होऊन गावी गेला. लोकांनी समजूत करून घेतली, की जिमी वारला असणार. त्या काळी कर्करोग झालेलं मूल जगत नसे, तेव्हा हा कसा जगेल? तो जगला. मोठा झाला, ट्रक चालवला, संसार केला. बरोबर पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये, तो लोकांसमोर आला. २००१ च्या जानेवारीत, पासष्टाव्या वर्षी, पक्षाघाताने गेला. पन्नास वर्षं त्याच्या खोट्या नावाने कोट्यवधी डॉलर जमत होते आणि हा आपला ट्रक चालवत होता.

आता शेवटी मुंबई, कबूल केल्याप्रमाणे.

फार्बर यांनी ज्या फॉलिक अ‍ॅसिडचा मार्ग अडवला, त्याचा माग मुळात कुठे लागला? १९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांनी काम सुरू केलं. गिरणीत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणात एक जीवघेणा रक्तक्षय व्हायचा, त्याचं कारण त्या शोधत होत्या. या बायका काय खातात हे त्यांनी बघितलं. आहार निकृष्ट होता. यीस्टचा स्वस्त अर्क, बाजारात मिळणारं ‘मार्माइट’, दिल्यावर रुग्ण बायका सुधारू लागल्या. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात काय आहे हे तेव्हा कळलं नव्हतं, म्हणून जग त्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागलं. दहा वर्षांनी पालकाच्या पानांतून तो पदार्थ वेगळा काढला आणि त्याचं नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. मग सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या बनला, मग त्याच्या विरुद्ध काम करणारं औषध बनलं, आणि ते बॉस्टनला पोचलं.

म्हणजे बॉस्टनच्या मुलांच्या औषधाची एक मुळी मुंबईच्या गिरणगावात आहे. आता सांगा, त्या बायकांपैकी एकीचं तरी नाव आपल्याला माहीत आहे? त्यांच्या खाटेशी कोणी रेडिओ जोडला नाही. त्यांच्यासाठी कोणी खेळाडू आले नाहीत, कोणी तिकिटं लिलावात काढली नाहीत. त्यांच्या रक्ताच्या तपासण्यांतून जे समजलं ते जगभर गेलं, आणि त्या पाळीला परत गेल्या.

म्हणून लिलावाच्या इतिहासातला तिसरा माणूस डोक्यात ठेवा, असं मी सुरुवातीला म्हटलं. बोली लावणाऱ्याचं नाव पुकारलं जातं. तिकीट देणाऱ्याचे आभार मानले जातात. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला मदत मिळायला आधी एक चेहरा लागतो, एक गोड नाव लागतं, आणि एखाद्या संघाचं वेड लागतं. जिमीकडे हे तिन्ही होतं. आज आपल्याही मोबाइलवर आजारी मुलांच्या मदतीची आवाहनं येतात. ज्या मुलाचा फोटो चांगला येतो त्याचं लक्ष्य लवकर पूर्ण होतं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तेव्हा पुढच्या वेळी कुठे असा लिलाव असला तर जरूर बोली लावा, खुर्ची मिळाली तर सामनाही बघा. फक्त घरी परतताना दारातल्या डब्यातही काहीतरी टाका, ज्याच्या नावाने तो फिरतोय ते नाव कधीच ऐकलेलं नसलं तरी.

आता प्रश्न असतील तर घेऊ या.